मोहर गुरुजी

टीव्हीवरच्या त्या खुर्चीच्या कार्यक्रमाबद्दल आसगावच्या श्यामराव गुरुजींना काहीही विचारा. खुर्चीच्या मागचे दिवे निळ्याचे पिवळे कधी झाले, पहिल्या वर्षी किती बायका खुर्चीवर बसल्या, घड्याळाची टिकटिक कितव्या प्रश्नानंतर बंद व्हायची, हरलेल्या माणसाला परतीचं तिकीट कोणत्या वर्गाचं मिळायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. मात्र प्रत्येक उत्तराच्या शेवटी ते 'बहुतेक' असं जोडतात. जिथे खात्री आहे तिथेही जोडतात.

आता एवढं पाठ असलेला माणूस त्या कार्यक्रमाचा वेडा असणार, असं कोणालाही वाटेल. तसं नाही. गुरुजींना तो कार्यक्रम मनापासून नकोसा होता. तरी त्यांनी एकही भाग सोडला नाही, कारण त्यांना त्यात एकच गोष्ट शोधायची होती. खुर्चीवरचा माणूस अडला की त्याला मित्राला फोन करता येई. तीस सेकंदांचा फोन. फोनवरचा मित्र चुकला, असं किती वेळा झालं, ते गुरुजी मोजत बसले. पहिल्या तीन वर्षांत चारशे बारा फोन लागले आणि एकसष्ट मित्र चुकले. यांतले बरेचसे 'नक्की नाही, पण' म्हणून चुकलेले. छातीठोकपणे चुकलेले नऊ. आणि छातीठोकपणे स्वतःच्याच जिल्ह्याच्या प्रश्नावर चुकलेला अख्ख्या देशात एक. तो कोण, हे सांगायला गावात कोणाला टीव्ही बघावा लागत नाही.

गोष्ट दोन हजार एक सालची. श्यामराव तेव्हा अडतीस वर्षांचे, तालुक्यातल्या एका शाळेवर मास्तर. भूगोल त्यांचा जीव की प्राण. शाळेच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने भंडारा जिल्ह्याचा नकाशा रंगवला होता, त्यात वैनगंगा आणि तळी अशी निळीशार की पोरं पाण्याला हात लावल्यासारखी भिंतीला हात लावायची. त्यांचा लंगोटीयार तुलाराम चार एकर धानाचा शेतकरी, शिकलेला दहावीपर्यंत, पण डोकं तल्लख आणि वाचनाचा नाद जबर. गुरुजींनी दोघांच्याही नावाने त्या कार्यक्रमाला फोन लावले होते. महिनाभर रोज एसटीडीवर रांग. आलेल्या प्रश्नांची उत्तरं दोन्ही नावांनी गुरुजींनीच दिली. लागला नंबर तुलारामचा.

गुरुजींना वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते पुस्तकांचा गठ्ठा घेऊन तुलारामच्या ओसरीवर हजर झाले आणि महिनाभर त्याच्याकडून सगळं घोटून घेतलं. नद्या, राजधान्या, राष्ट्रपती, कोणत्या प्राण्याला किती पोटं. तुलाराम मुंबईला निघाला तेव्हा फोनच्या मित्राच्या रकान्यात त्याने एकच नाव लिहिलं होतं.

गुरुजींच्या घरी फोन नव्हता. ठरल्या दिवशी ते ग्रामपंचायतीच्या फोनपाशी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले. फोनवर शर्ट दिसत नाही, हे कुंताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना घरीच सांगून पाहिलं होतं. दुपारपर्यंत कचेरीत पन्नास-साठ माणसं जमली. चारच्या सुमारास घंटी वाजली. निवेदक 'मास्टरजी' म्हणून गोड बोलला आणि तुलारामचा आवाज आला. नवेगावबांधचं राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्रातल्या कोणत्या जिल्ह्यात आहे?

गुरुजींना हसूच आलं. पर्यायसुद्धा त्यांनी पुरते ऐकले नाहीत. "भंडारा!" ते ओरडले. "आपला भंडारा रे! शंभर टक्के! मार मोहर!" त्या कार्यक्रमात उत्तर पक्कं करायला 'मोहर' म्हणावं लागे. सात सेकंद झाले होते. उरलेल्या तेवीस सेकंदांत गुरुजींनी तुलारामला धीर दिला, निवेदकाला आसगावला यायचं आमंत्रण दिलं आणि गावातर्फे नमस्कार सांगितला. कचेरीतली साठ माणसं एका तोंडाने 'भंडारा, भंडारा' करत होती. सरपंचांनी पेढे मागवले.

ज्याने त्याने आपापल्या गावी बसून हे वाचावं आणि गुरुजींना हसावं, हे सोपं आहे. पण नवेगावबांध पिढ्यान्‌पिढ्या भंडाऱ्याचंच होतं. त्या फोनच्या दोन वर्षं आधी, महाराष्ट्र दिनाला, जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि तळ्या-जंगलासकट तो सगळा भाग नव्या गोंदिया जिल्ह्यात गेला. हे पेपरात आलं होतं, गुरुजींनी वाचलंही होतं. पण घरातला भाऊ वेगळा निघाला म्हणून त्याचं आडनाव बदलतं का? बोलण्यात सगळं भंडाराच राहिलं होतं. आणि भिंतीवरच्या नकाशात तर नवेगावचं तळं गुरुजींनी स्वतः निळं केलं होतं.

तुलाराम नागपूरला उतरून एसटीने गावी आला. काय झालं ते सांगायचं नाही, अशी त्याच्याकडून लेखी सही घेतली होती. तो गप्प राहिला. गावाने त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या सोयीने काढला. तीन आठवड्यांनी तो भाग लागला, तेव्हा पंचायतीच्या टीव्हीसमोर पुढच्या खुर्चीत गुरुजींना बसवलं होतं. पडद्यावर त्यांचा पासपोर्ट फोटो आला, त्यांचा आवाज आला, टाळ्या पडल्या. मग तुलाराम काही क्षण खाली बघत राहिला. निवेदकाने दोनदा विचारलं. तुलारामने मान वर केली आणि 'भंडारा, मोहर' म्हणाला. लाल दिवा लागला. गोंदियावर हिरवा. टीव्हीसमोर इतकी शांतता झाली की मागे कोणीतरी पेढ्याचा कागद सोडवत होतं तेवढं ऐकू आलं.

तुलारामला त्या पैशातून ट्रॅक्टर घ्यायचा होता. तो आला नाही. जे थोडं मिळालं त्यात एक विहीर खोल झाली. तुलाराम गुरुजींना कधी एका शब्दाने बोलला नाही. गाव बोललं. त्या दिवशी ज्या साठ जणांनी 'भंडारा' म्हणून गलका केला होता, त्यांतला एकही नंतर सापडला नाही. सगळ्यांना म्हणे गोंदिया ठाऊक होतं.

तेव्हापासून ते 'मोहर गुरुजी' झाले. दुकानात साखर मागितली की दुकानदार टिकाराम विचारायचा, "एक किलो, गुरुजी? मोहर लावू काय?" लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताची बादली घेऊन उभा राहायचा, "वाढू? शंभर टक्के?" पहिल्या वर्षी गुरुजी चिडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी चिडण्याचं सोडलं. पुढे पुढे हसणाऱ्यांबरोबर थोडं हसून द्यायचं आणि पिशवी उचलून घरी यायचं, असं त्यांनी बसवून घेतलं. चेष्टा करणाऱ्यांची पोरं मोठी झाली, ती पोरं चेष्टा करू लागली. त्यांना तर मूळ प्रश्न काय होता हेही माहीत नव्हतं.

मात्र त्या सात सेकंदांनी गुरुजींच्या जिभेचं बळ मोडलं ते मोडलंच. वर्गात ते पुस्तक उघडल्याशिवाय राजधानी सांगेनात. घरातसुद्धा तेच. "अवो, लाइट आली काय?" कुंताबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या. डोक्यावर पंखा फिरत असायचा आणि गुरुजी म्हणायचे, "बहुतेक." कुंताबाई आधी हसल्या, मग वैतागल्या, मग त्याही थकल्या. मुलगा भूपेंद्र पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा तिकडेच येऊन राहा म्हणाला. गुरुजी गेले नाहीत. गाव सोडलं तर लोक पळून गेला म्हणतील, एवढंच कारण.

एक गोष्ट मात्र त्यांनी न चुकता केली. तुलारामची मुलगी रक्षा त्या वर्षी कुठे रांगायला लागली होती. ती पहिलीत गेली त्या दिवसापासून बारावीपर्यंत रोज संध्याकाळी गुरुजींनी तिला शिकवलं. पाऊस असो, ताप असो, ते तुलारामच्या ओसरीवर जाऊन बसत. फेडायचं म्हणून शिकवत होते, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि फिटत नव्हतं हेही सांगितलं नाही. रक्षा हुशार निघाली. एमएस्सी झाली, आता लाखांदूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, रोज एसटीने जाते-येते.

यंदा दिवाळी होऊन गावची मंडईची जत्रा आटोपली आणि तिसऱ्याच दिवशी रक्षा गुरुजींच्या दारात आली. हातात मोबाईल, चेहरा असा की कुंताबाईंना वाटलं लग्न जमलं. "काका, माझा नंबर लागला," ती म्हणाली. "खुर्चीचा कार्यक्रम परत सुरू होऊन राहिला ना? जुन्याच नियमांनी. मला बोलावलंय."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. छान झालं म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

"फोनसाठी तीन नावं द्यायची आहेत. एक माझी मैत्रीण, एक आमचे सर. तिसरं तुमचं टाकते. उद्या दुपारपर्यंत पाठवायचं आहे."

"नाही," गुरुजी म्हणाले. इतक्या वर्षांत ते एवढं ठाम काही बोलले नव्हते. कुंताबाई चहाचं भांडं हातात धरून तिथेच थांबल्या.

"बाबाच म्हणाले, श्यामचं नाव टाक म्हणून."

"तुया बाबाले मी सांगतो काय सांगायचं थे. माहं नाव नको टाकू, बाई. दुसरा कोणी पाह्य. आता माह्यानं होत नाही."

रक्षाने कपात ओतलेला चहा घेतला नाही आणि ती निघून गेली. त्या रात्री गुरुजींना झोप आली नाही असं काही झालं नाही. झोप आली, कारण ते फार दमले होते. पण सकाळी उठले ते तसेच दमलेले उठले. आपलं नाव त्या यादीत पडता कामा नये, आणि हे तुलारामच्या तोंडावर जाऊन सांगायचं, एवढं ठरवून ते आंघोळ करून निघाले.

तुलाराम शेतात होता. कापणी होऊन धानाचं पुंजणं, म्हणजे भाऱ्यांचा ढीग, रचून झालं होतं आणि मळणीयंत्राची वाट बघत तो एका भाऱ्यावर टेकला होता. गुडघ्याला कापड गुंडाळलेलं. तोही आता साठी ओलांडून गेला होता. गुरुजी त्याच्याजवळ बसले. दोघं काही वेळ शेजारच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या तुकड्यातल्या, बगळ्यांकडे बघत राहिले. या दोघांचं बोलणं असंच सुरू व्हायचं, उशिरा.

"तुलाराम, पोरीले सांग. माहं नाव नको."

"काहून?"

"काहून म्हंजे? मले इचारून राहिला काहून? गाव हासन. गाव हासू दे, त्याची सवय झाली. पण पोरगी माह्यापायी हरली त मंग मी कोठी तोंड दाखवू? एकाच घराले दोनदा बुडवू काय?"

"तू कायले चुकशीन?"

"मागं नाही चुकलो काय?"

तुलारामने भाऱ्यातली एक लोंबी ओढली आणि तळहातावर चोळत बसला.

"मागं तू चुकला," तो म्हणाला. "मी नाही चुकलो. मले मालूम होतं. गोंदिया."

गुरुजींना आधी वाटलं, गावातल्या बाकीच्या साठ जणांसारखं हाही आता म्हणू लागला. पण तुलाराम वर बघत नव्हता.

"सुलोचनाचं माहेर कोठचं?" तो म्हणाला. "नवेगावजवळचंच ना? तिच्या बापाच्या जमिनीच्या कामापायी त्याच सालच्या उनाळ्यात मी दोन खेप गोंदियाच्या कलेक्टर हापिसात जाऊन आलो होतो. एका दिवशी त सकाळपासून उपाशी बसलो होतो थेच्या पायरीवर. मले नाही मालूम राहीन त कोणाले राहीन?"

सुलोचनाबाईंचं, म्हणजे तुलारामच्या बायकोचं, माहेर गुरुजींना ठाऊक होतं. त्या लग्नात ते वरमाईच्या बैलगाडीमागे चालत गेले होते. चारशे बारा फोन आणि एकसष्ट मित्र मोजणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट चोवीस वर्षांत सुचली नाही, याची त्यांना लाज वाटली.

"मंग फोन कायले लावला मले?"

"तुया आवाज टीव्हीवर यावा म्हून." तुलाराम आता भराभर बोलू लागला, जणू थांबला तर परत सुरू होणार नाही. "फोन तू लावले, उत्तरं तू देल्ली, अभ्यास तू करून घेतला. आन् त्या खुर्चीवर मी बसून होतो. मले शरम लागून राहिली होती, श्याम. थे जागा तुयी होती. म्हटलं, अवघड प्रश्नाले फोन लावला आन् याले नाही आलं त बिचारा फजीत होईन. सोपा येऊ दे. आपल्या इकडचा आला, म्हटलं हा याच्या घरचाच हाय. लावला फोन."

"आन् मी भंडारा म्हटलं."

"तू भंडारा म्हटलं."

"त मंग तू गोंदिया म्हणायचं होतं ना, बावा! तुया हातात होतं. पैसा तुया होता."

"साऱ्या देशासमोर तुले खोटा पाडू?" तुलाराम म्हणाला. "तू शंभर टक्के म्हणाला होता."

गुरुजींना राग आला. खूप वर्षांनी आला, त्यामुळे तो नीट वापरताही येईना. "चोवीस वर्सं पोटात ठेवलं तू हे? लोक मले काय काय म्हणत होते, तवा?"

"माह्यासमोर कोणाले म्हणू देल्लं काय? त्या टिकारामचं दुकान मी आजवर चढलो नाही. पण तुले सांगितलं असतं त काय झालं असतं? तुले वाटलं असतं, चुकलो मी आन् भोगलं यानं, तेही समजून उमजून. थे तुले अजून जड गेलं असतं."

ते खरं होतं. आत्ताच जड जात होतं. चोवीस वर्षं गुरुजींना वाटत होतं की आपण चुकलो आणि मित्र आपल्यावर विश्वास ठेवून बुडाला. आता कळलं की मित्राचा त्या उत्तरावर विश्वास नव्हताच. त्याने ट्रॅक्टर समोर दिसत असताना, हिशेब कळत असताना, गुरुजींच्या अब्रूसाठी तो सोडून दिला होता. आणि ती अब्रू तरी कुठे वाचली? दोघांचंही गेलं. राग धरायला अंगात जोर लागतो, तो गुरुजींकडे उरला नव्हता. त्यांनी तुलारामच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात उचलावासा वाटला नाही.

बांधावरून रक्षा येताना दिसली. बापासाठी न्याहारीचा डबा घेऊन आली होती, शाळेला रजा टाकली होती. दोन म्हातारे असे बसलेले बघून ती थबकली.

"काका, दुपारपर्यंत पाठवायचं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमची इच्छा नसेल तर मी दुसरं नाव टाकते. मी रागावणार नाही."

गुरुजींनी तिला जवळ बसायला सांगितलं. "नाव देतो," ते म्हणाले. "पण एक कबूल कर. मी सांगीन थे तुले बराबर वाटलं त घेजो. नाही वाटलं त माहं आयकू नको. मी शंभर टक्के म्हटलं तरी आयकू नको. सगळ्या देशासमोर म्हणजो, माहे गुरुजी चुकले."

"असं कसं म्हणू, काका?"

"म्हणता याले पाहिजे. म्हणशीन तरच नाव देतो. आता म्हणून दाखव. मी इचारतो, नवेगावबांध कोणत्या जिल्ह्यात? आन् मीच सांगतो, भंडारा. शंभर टक्के. बोल."

रक्षाने तोंड उघडलं. ज्या माणसाने तिचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं, तो तिच्यासमोर उत्तराची वाट बघत बसला होता. तिने खाली बघितलं. डब्याची कडी उघडली, परत लावली.

"गोंदिया," तुलाराम म्हणाला. मग मान वर करून त्याने परत म्हटलं. "गोंदिया. तू चुकला, श्याम."

"हाव," गुरुजी म्हणाले. मग रक्षाकडे वळून म्हणाले, "अस्संच म्हणाचं, बाई. लिही आता माहं नाव."